खालची कांब

ओर्खोन नदीकाठचा उन्हाळी तळ
३ जुलै १९९६

ती. खांडमा आत्यास ओयूनझुलचा सा. न. वि. वि.

उन्हाळा सुखाचा चालला आहे ना? आमची गुरं-मेंढरं धष्टपुष्ट आहेत. जूनअखेर या तळावर आलो, घोड्यांचं दूध काढायला लागलो आणि तेव्हापासून तू लग्नात दिलेलं तुझं शिंगाचं धनुष्य माझ्यावर रुसलं आहे. वसंतात बाण कसे सुईसारखे सरळ जात. आता शेपूट हलवत निघतात आणि लक्ष्याच्या उजवीकडे, गवतात जाऊन पडतात. कुत्रासुद्धा आता तिकडे बसत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी डोंगराच्या पूजेचा नादाम, कुस्ती-घोड्यांचा आणि तिरंदाजीचा मेळा आहे. तिरंदाजीत घरातून एकाच बाईने उतरायचं असतं. मामंजींनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की आदल्या दिवशीच्या सरावात सूनबाईचे बाण सरळ गेले नाहीत, तर धनुष्य थोरल्या सुनेच्या, आल्तंगेरेलच्या हातात जाईल, आणि मग तिच्याकडेच राहील. आल्तंगेरेल वाईट नाही गं, पण ती म्हणते की शहरातल्या कारागिराकडून शिंग जरा तासून घेऊ. एकदा तासलेलं शिंग पुन्हा भरून येतं का?

तू चार दिवस येऊन धनुष्य लावून दे ना. तुझ्यासाठी घट्ट साय राखून ठेवते.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ओयूना


उलानबातर
९ जुलै १९९६

चि. सौ. ओयूनझुल हिस अ. उ. आ.

मी येणार नाही. खांद्याला बसचे धक्के सोसत नाहीत, आणि सोसले असते तरी आले नसते. मी लावून दिलेलं धनुष्य मी परत निघेपर्यंतच नीट चालेल. पुढे काय, दर पावसाळ्यात मला बोलावणार? साय तूच खा.

‘रुसलं’ हा धनुष्याचा दोष नव्हे. दोष दोरीत असतो, मुठीच्या वरच्या-खालच्या कांबीत असतो किंवा हातात असतो. माझा संशय दोरीवर आहे आणि थोडा तुझ्या हातावर. आता सांगते तसं कर.

थंड धनुष्याला दोरी चढवू नकोस. आधी उन्हात कोमट होऊ दे. चढवताना दुसरं टोक धरायला तोमोरला बोलाव. नवरे अशाच कामासाठी असतात. दोरी चढली की धनुष्याच्या मुठीपासून दोरीपर्यंत तुझी वळलेली मूठ आणि वर उभा अंगठा एवढं अंतर हवं. कमी भरलं तर दोरी उतरवून तिला पीळ दे. मग एक डोळा मिटून टोकाकडून बघ. दोरीने मुठीचे आणि दोन्ही कांबींचे बरोबर मधोमध दोन भाग केले पाहिजेत. जी कांब बाजूला झुकली असेल ती तळहाताने चोळून गरम कर, उलट्या दिशेला पिळून धर, आणि निवेपर्यंत सोडू नकोस. हात दुखतील. दुखू देत.

आणि बिघाड केव्हा होतो ते लिहून कळव. तुला काय वाटलं ते नको, काय दिसलं ते.

लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.
खांडमा


उन्हाळी तळ
१७ जुलै १९९६

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग दोरीला पीळ दिला. अंतर बरोबर जमलं. खालची कांब डावीकडे झुकली होती, ती पिळून सरळ केली. संध्याकाळी बाण असे गेले की तोमोरने शिट्टी मारली. सकाळी बघते तर खालची कांब पुन्हा डावीकडे. पुन्हा सरळ केली, पुन्हा तेच. आल्तंगेरेल म्हणाली की ही कांब आमच्या धाकट्या जाऊबाईसारखीच आहे, दिवसा गोड आणि सकाळी उठवलं की वाकडी.

तू ‘केव्हा’ विचारलंस म्हणून मी बसून विचार केला. बिघाड रात्रीतून होतो, आणि तोही फक्त खालच्या कांबीत. मग धनुष्य टांगतो तिथे गेले. दाराच्या पश्चिमेला, पुरुषांच्या बाजूला, खोगिरांशेजारी. धनुष्याची जागा तीच, हे लहान पोरालाही ठाऊक. पण ऐरागची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, चामडी पिशवीही तिथेच असते. आत येणारा प्रत्येक जण रीत म्हणून ती घुसळतो, आणि सध्या पाहुण्यांना तोटा नाही. दूध उडतं, पिशवीला घाम सुटतो. मी तंबूच्या भिंतीच्या लोकरी नमद्यावर हात ठेवला तर तो ओला. धनुष्याचं खालचं टोक नेमकं पिशवीला टेकलेलं, बोटाला चिकट लागलं. आत्या, ते रात्रभर आमच्या पाहुण्यांबरोबर ऐराग पीत होतं.

मी धनुष्य उचललं आणि पूर्वेला, बायकांच्या बाजूला, माझ्या पलंगाच्या डोक्याशी टांगलं. मामंजी संध्याकाळी आले, खाली बसले. मग विचारलं की आता पळी आणि कढई पश्चिमेला टांगायची का, म्हणजे त्यांना लढाईवर जाताना बरं पडेल. मामंजींचं स्वतःचं धनुष्य पश्चिमेच्या त्याच खिळ्यावर टांगलेलं असतं, त्यांच्या वडिलांचंही तिथेच असायचं. सासूबाई पिशवी घुसळता घुसळता म्हणाल्या की पूर्वेला टांगलेलं आजवर काही बिघडलं नाही, पश्चिमेचं मात्र सगळं आपल्यालाच निस्तरावं लागतं. त्यावर मामंजींनी निकाल दिला: सरावापर्यंत राहू दे. बाण वाकडे गेले तर धनुष्य आल्तंगेरेलचं, आणि जागा पश्चिमेची.

काही चुकतंय का माझं?
ओयूना


उलानबातर
२३ जुलै १९९६

चि. सौ. ओयूनझुल हिस अ. उ. आ.

काही चुकत नाही. दोरीवरचा आणि तुझ्या हातावरचा संशय मी मागे घेते. धनुष्याच्या पाठीवर चिकटवलेली जनावराची कंडरा आणि ती धरणारा सरस दोन्ही ओल पितात. मी इतकी वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. इथे शहरात ऐरागची पिशवी नाही म्हणून मला ते सुचलं नाही, तुला सुचलं.

आता घाई करू नकोस. चुलीजवळ नेलंस तर शिंग सुटेल. सावलीत, वाऱ्यावर वाळू दे आणि वाळेपर्यंत एकही बाण मारू नकोस, कितीही हात शिवशिवले तरी. पूर्ण वाळल्यावर एकदाच सरळ कर. मग बाण दोरीवर जिथे बसतो तिथे रेशमी धागा गुंडाळ, तोही दोन-तीन बाण मारून जागा पक्की झाल्यावरच.

सासऱ्यांशी वाद घालू नकोस. ते घर त्यांचं आहे आणि खिळा त्यांच्या वडिलांचा. तू फक्त बाण मार.

खूप काळजी वाटते आहे, पण ती तुला सांगायची नाही असं ठरवलं आहे.
खांडमा


उन्हाळी तळ
६ ऑगस्ट १९९६

विहीणबाई खांडमा यांस गोम्बोसुरेनचा सा. न. वि. वि.

आपली प्रकृती ठीक असेल. आमच्याकडे गवत चांगलं आहे. मी सांगतो आहे आणि तोमोर लिहितो आहे.

आपल्या भाचीची हकिकत कळवणं माझं कर्तव्य आहे. सरावाच्या दिवशी सकाळपासून भुरभुर पाऊस होता. अशा हवेत शिंगाची धनुष्यं ढिली पडतात, माझीच पडली. सूनबाईने तिचं धनुष्य मेंढीच्या कातड्यात गुंडाळून आणलं होतं. तिचे बाण सरळ गेले. मी पुन्हा मारायला सांगितलं, पुन्हा सरळ गेले. आल्तंगेरेलने त्याच धनुष्याने मारून बघितलं, तिचेही सरळ गेले. तेव्हा तीच म्हणाली की हात बदलून बाण बदलत नाहीत, तर श्रेय धनुष्य लावणारीचं आहे, आणि शहरातल्या कारागिराला आता या घरात काम नाही. मी शब्दाला जागणारा माणूस आहे. धनुष्य ओयूनझुलचं राहिलं.

नादामला ती बायकांत दुसरी आली. लक्ष्याजवळच्या पंचांनी हात वर करून तिच्या बाणांना अशी लांबलचक आरोळी दिली की डोंगरापलीकडच्या घोड्यांनीही मान वर केली असेल. पुरुषांत मी शेवटून दुसरा. विहीणबाई, तीन उन्हाळे माझे बाण लक्ष्याच्या उजवीकडे पडत आहेत. डोळे गेले असं समजून मी प्रांताच्या गावी जाऊन चष्मा करून आणला. त्याने बाण चुकीच्या जागी पडलेला फक्त जास्त स्पष्ट दिसतो.

काल रात्री जेवताना सूनबाई म्हणाली की मामंजी, तुमचे डोळे उत्तम आहेत, धनुष्य द्या. चाळीस वर्षांत माझ्या धनुष्याला दुसऱ्याचा हात लागलेला नाही. म्हणून आपल्याला विचारायला हे पत्र लिहायला घेतलं होतं की तिच्यावर कितपत भरवसा ठेवावा.

परंतु आपलं उत्तर येईपर्यंत थांबणं झालं नाही. तिने आज सकाळीच माझं धनुष्य उन्हात ठेवलं, आणि तोमोर पत्र लिहीत असल्याने टोक धरायला मला बसवलं आहे. कांब निवेपर्यंत हलायचं नाही आणि बोलायचंही बेताने, अशी ताकीद आहे. हात बरेच दुखत आहेत. तरी सही तोमोर करील, ती माझीच समजावी, आणि नव्या नात्यातला जुना लोभ राखावा.

गोम्बोसुरेनकरिता, तोमोर