काळं उतरवायची घाई

१४ जून

ठरलं! यंदा मी उभी राहणार. नवऱ्याला, मूझीला सांगितलं तेव्हा तो आंबट दुधात मक्याचा घाटा कालवत होता. हात थांबला त्याचा. मग म्हणाला, "घरात मला गप्प करतेस तेवढं पुरे नाही? आता त्या म्हाताऱ्यांच्या मागे लागणार!" आणि लगेच, "नाव पुकारलं की पहिला हात माझा बरं का."

मला हवंय काय? वरच्या वस्तीला नळ. दर निवडणुकीत नवा पुरुष सदस्य होतो, नळ येत नाही. येईल कसा? पाणी पुरुष वाहतात का!

१९ जून

तेंगेतिलेबाई शहरातून शिबिर घ्यायला आल्या. त्यांची संस्था परदेशी पैशावर चालते, पण बाई आपल्यातल्याच. म्हणाल्या, "तुम्ही आधी या देशाच्या नागरिक, मग कुणाच्या बायका." मागून शेजारची फिन्डिले — "नवऱ्याला विचारून सांगते!" हसून हसून पुरेवाट.

येताना बायकांनी शब्द दिला. गावच्या प्रमुखांच्या आवारात माझं नाव सुचवलं की सगळ्या हात वर करणार.

२५ जून

मूझी गेला.

४ जुलै

उसाची गाडी उलटली. कारखान्याच्या वळणावर. हे लिहायलासुद्धा आज जमतंय.

माती दिली त्याला. तोवर मी भिंतीशी चटईवर, डोक्यावरून घोंगडी. गाव येऊन रडून गेलं. मला मात्र पोटभर रडायला कुणी एकटीला सोडलंच नाही. मग डोकं भादरलं, विधवेचा काळा झगा चढवला. दोन वर्षं. बसमध्ये मागच्या बाकावर बसायचं. काळ्यातल्या बाईला कुणी हात लावत नाही, तिनंही कुणाला लावायचा नाही. आणि प्रमुखांच्या आवारात पाऊल टाकायचं नाही.

हे शेवटचं आज आठवलं. नावं तिथंच सुचवतात. याच महिन्यात.

खरं सांगू? काळं मला नको आहे असं नाही. मूझीसाठी ते मी घालणारच होते. मला दोन्ही हवंय — त्याचं काळंही, आणि उभं राहणंही. इतकं का जड जावं लोकांना?

८ जुलै

तेंगेतिलेबाई आल्या. "घटना तुमच्या बाजूनं आहे. मनाविरुद्ध रूढी कुणी लादू शकत नाही. एक दिवस झगा काढून ठेवा." म्हटलं, "बाई, घटना असेल माझ्या बाजूनं. सासू पलीकडच्या खोलीत आहे."

तरी विचारलं सासूबाईंना. म्हणाल्या, "माती ओली आहे गं त्याची अजून. एक दिवस जरी काढलास ना, गाव म्हणेल, हिनंच खाल्लं माझ्या पोराला." आणि रडायला लागल्या. मीही. त्यांच्याशी भांडू तरी कशी? त्यांचाही तो मुलगाच होता.

१५ जुलै

आज नावं सुचवली. मी कुंपणाबाहेर उभी. ऐन हिवाळा, थंडीनं दात वाजत होते. प्रमुखांचे कारभारी लांबूनच माझ्या माहेरच्या नावानं ओरडले, "ला-मागागुला, अजून मागे हो! सावली आत पडतेय तुझी." झाले मागे.

फिन्डिलेनं माझं नाव घेतलं. कारभारी — "उमेदवार कुठाय?"

"ती काय, कुंपणाबाहेर."

"म्हणजे नाहीच!"

बायकांचे हात तसेच वर राहिले थोडा वेळ. मग एकेक खाली आला. मी आपली वेड्यासारखी पुरुषांकडे बघत होते. त्यांच्यात मूझीचा हात शोधत होते.

नंतर नाव आलं सेलानीचं. माझा धाकटा दीर! उभा राहून नळाबद्दल बोलला. माझेच शब्द. "पाणी पुरुष वाहतात का!" हासुद्धा माझाच टोमणा. लोक खूष झाले, टाळ्या पडल्या. माझं भाषण मी बाहेर उभी राहून ऐकलं.

२२ जुलै

काही लिहावंसं वाटत नाही.

२९ जुलै

विश्वास बसत नाही! सासूबाई सकाळी जवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुझं काळं लवकर उतरवू या. पुढच्याच महिन्यात. दोन वर्षं म्हणजे फार झालं गं."

कुणाला शिवायचं नाही हे विसरून मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. नाव तर गेलंच, पण निदान पुढच्या सभेला आत उभी राहीन. कळवळा आला म्हातारीला माझा. उगाच राग धरला होता मी.

३१ जुलै

सेलानी आला होता. कालपर्यंत वहिनी म्हणायचा. आज म्हणाला, "लोमासोंतो, पाणी दे." मला नावानं फक्त मूझी हाक मारायचा.

तो गेल्यावर सासूबाई सांगायला लागल्या, छपराला नवं गवत घालायचंय इतक्या सहज. "निवडून यायचं तर माणसाचं घर उभं दिसायला हवं. मूझीची शेतं, गुरं, तू — घरातलं घरात राहील. काळं उतरलं की तुझी चटई सेलानीच्या खोलीत टाकू."

मी म्हटलं, "पण माती ओली आहे ना अजून?"

"माती वाळते, पोरी."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. नळासाठी जे एका दिवसापुरतं उतरत नव्हतं, ते ह्याच्यासाठी कायमचं उतरतंय! आणि मी त्या मांडीवर डोकं ठेवून रडले होते. मूझी, तू कुठे आहेस रे?

१ ऑगस्ट

झगा धुतला, उन्हात वाळवला, सगळ्यांदेखत पुन्हा अंगात घातला. सासूबाईंना म्हटलं, "आई, दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. तोवर मला कुणी हात लावायचा नाही."