तारेवरची नऊ घरं

विल्बर, नेब्रास्का
२१ नोव्हेंबर १९६४

ती. सौ. व्लास्ताताईच्या सेवेशी,
धाकट्या लिडाचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रुसू नकोस. गेले पंधरा दिवस या घरात दुसरा विषयच नाही. पुढच्या शनिवारी तुमच्या शिकागोत, कुठल्याशा बड्या हॉटेलात बसून व्यावसायिक फुटबॉलचे क्लबवाले कॉलेजची पोरं निवडणार आहेत, आणि आपल्या विद्यापीठातल्या ज्या पोरांवर त्यांचा डोळा आहे त्यांत माझ्या मिलोचं नाव आहे. पेपरात तसं छापून आलंय. तू एवढी जवळ राहतेस, पण त्या हॉटेलच्या दारात तुला कुणी उभं करणार नाही. म्हणून सांगते, भाऊजींना बेकरीतली पावाची टोपली देऊन पाठव. पाव आणणाऱ्याला कुणी अडवत नाही.

त्यांची पद्धत अशी, की नाव पुकारायच्या आधी पोराला घरी फोन करतात. येणार ना, तब्येत ठीक ना, असं विचारून घेतात आणि मगच निवडतात. इथंच सगळं अडतं. तू गेलीस तेव्हा होती तीच फोनची सामाईक तार, तिच्यावर तीच नऊ घरं. घंटी आमची वाजली तरी रिसीव्हर नऊ ठिकाणी उचलला जातो, आणि जितके उचलले जातात तितका आवाज बुडतो. त्यात बोझेना सेडलाचेक आहेच. तिनं आयुष्यात एक फोन ऐकायचा सोडला असेल, तो तिच्या नवऱ्याचा. म्हणून मागच्या रविवारी मी चर्चच्या पायरीवर उभी राहून सगळ्यांना बजावलं, की शनिवारी सकाळपासून कुणी फोनला बोटसुद्धा लावायचं नाही. बोझेनानं छातीवर हात ठेवून वचन दिलं.

आणि नवऱ्याचं म्हणशील तर एमिलचा खुबा आता त्याला गोठ्यापर्यंतही नीट नेत नाही. जानेवारीत गाई लिलावात काढायच्या असं ठरतंय. गावात चर्चच्या मागं एक घर पाहून ठेवलंय, त्याला एकही पायरी नाही. ताई, तुला म्हणून सांगते, पहाटे धारा काढायला बसले की माझी बोटं मिटत नाहीत. मिलोचं एकदा मार्गी लागलं की मी त्या बादलीकडं वळूनही बघणार नाही. त्याला लिलावाचं आणि घराचं सांगितलं, तर बरं म्हणाला. गुणी पोर आहे.

भाऊजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
लिडा

*

सिसरो, इलिनॉय
२४ नोव्हेंबर १९६४

चि. सौ. लिडास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून तुझे भाऊजी इतके हसले की भट्टीतले दोन पाव करपले. टोपली घेऊन जायला ते एका पायावर तयार आहेत, पण गेले तर क्लबवाल्यांना पाव विकून परत येतील आणि मिलोची चौकशी राहूनच जाईल.

बोझेनाच्या वचनावर भरवसा ठेवू नकोस. माझ्या लग्नाच्या झग्याचा रंग तिनं सगळ्या काउंटीत सांगितला होता, तोही मी तो शिवायला टाकण्याआधी.

एक विचारू? रागावू नकोस. तुझ्या एवढ्या लांब पत्रात पोराच्या तोंडचा एकच शब्द आहे, बरं. त्याला स्वतःला काय हवंय, हे तू किंवा एमिलनं विचारलंय का? तुझ्या बोटांचं वाचून जीव तुटला. रात्री कोमट तेल लाव.

शनिवारी मी मेणबत्ती लावीन. आहे तो लोभ आटू नये.

तुझी ताई

*

विल्बर
३० नोव्हेंबर १९६४

ती. ताईस,
लिडाचा सा. न. वि. वि.

रागात लिहितेय, अक्षर लावून वाच.

थँक्सगिव्हिंगला मिलो घरी आलाच होता. शनिवारी माझे दीरजाऊ, पाद्रीबुवा, एमिलचे पत्त्यांतले मित्र असे सगळे स्वयंपाकघरात दाटीवाटीनं बसले. मी खसखशीचे आणि प्लमचे कोलाचे, आपले ते गोड पाव, परातभर केले होते. दुपारी आमची घंटी वाजली. मिलोनं रिसीव्हर उचलला. आम्हाला त्याचंच बोलणं ऐकू येत होतं. हो साहेब, म्हणाला. थोडं थांबून पुन्हा हो साहेब. मग तिसऱ्यांदा हो साहेब, पक्कं, आणि आभारी आहे. ताई, मी तिथंच रडायला लागले. दिरांनी अ‍ॅकॉर्डियन काढलं, पाद्रीबुवांनी माझ्या हातातली परात घेऊन स्वतः वाटायला सुरुवात केली. कुठला क्लब, कुठला क्लब, म्हणून सगळे मिलोभोवती जमले. तर पोरगा भिंतीसारखा पांढरा. म्हणाला, आवाज बुडाला, मला काही कळलं नाही, मी नुसतं हो हो म्हणत गेलो.

मग दिवसभर आणि रविवारी घंटी वाजली नाही. आज पेपरात यादी आली. आपल्या विद्यापीठाची पाच पोरं घेतलीत. वसतिगृहात मिलोच्या खोलीत राहणारा तो कर्टिस टॉलिव्हर पहिल्याच फेरीत गेला. ज्याला वाट करून देण्यासाठी माझा पोरगा चार वर्षं पुढच्या फळीत धडका खात उभा राहिला, तो गेला आणि माझा राहिला. कर्टिसचं वाईट चिंतत नाही, पण गिळवत नाही.

रविवारी चर्चमध्ये मी कुणाची भीड ठेवली नाही. कुणी कुणी उचलला होता, म्हणून सगळ्यांच्या तोंडावर विचारलं. एकजात माना खाली. शेवटी बोझेना पुढं आली, म्हणाली की मीच उचलला होता, चूक माझी, काय बोलायचं ते मला बोल. मग मी बोलले. पाद्रीबुवांसमोर बोलले ते पत्रात लिहिता येणार नाही. तिनं सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. मरेपर्यंत त्या बाईचं तोंड बघणार नाही.

लिलाववाल्याला काय सांगायचं तेही कळत नाही.

तू तरी माझ्या बाजूनं राहा.

लिडा

*

लिंकन, विद्यापीठ वसतिगृह
४ डिसेंबर १९६४

ती. व्लास्तामावशीस,
मिलोचा सा. न. वि. वि.

आईचं पत्र तुला पोचलं असेलच. मला जे घरी सांगता येत नाही ते तुला लिहितो.

आवाज बुडाला नव्हता. म्हणजे थोडा बुडाला होता, पण त्या माणसाचा शब्द न् शब्द मला ऐकू आला. त्यांच्या क्लबचा एक माणूस ऑक्टोबरात आमचा सराव बघायला आला होता, त्याला मी तेव्हाच सांगितलं होतं की मला पुढं खेळायचं नाही. तो हसला, म्हणाला सगळी पोरं असंच म्हणतात. म्हणून त्या शनिवारी त्यांनी पुन्हा विचारलं. अजूनही तुझं नाहीच का? मी म्हटलं, हो साहेब. बापाच्या शेतावरच राहणार? हो साहेब. पक्कं? हो साहेब, पक्कं. समोर आई परात घेऊन उभी होती. ती रडायला लागली आणि माझ्या तोंडातून पुढचं निघेना. मग ते बुडालेल्या आवाजाचं खोटं आपोआप निघालं.

तू विचारशील, का नाही? कर्टिस सामन्याच्या सकाळी गाणं म्हणत बूट घालतो. मी सामन्याच्या प्रत्येक सकाळी ओकतो. पहिल्या वर्षी वाटलं सवय होईल. आता चौथं वर्ष आहे. खेळ मला येतो, मावशी, चांगला येतो, पण आवडत नाही. मला गोठा आवडतो. तू हसशील. पहाटे गाईच्या कुशीला कपाळ टेकवून बसलं की माझ्या डोक्यात काही नसतं. आणि नेमक्या त्याच गाई आई विकायला निघालीय, माझं भलं व्हावं म्हणून. तिला त्या गोठ्यातून सुटायचंय हे मला दिसतं. मी नाही म्हटलं तर तिला पुन्हा त्याच बादलीपाशी बसवल्यासारखं होईल. म्हणून घरी काही विचारलं की मी बरं म्हणतो.

आता सगळ्यांत वाईट ऐक. त्या तारेवर आठ घरं ऐकत होती. सगळ्यांनी ऐकलंय. रविवारी चर्चमध्ये बोझेनाबाईंनी माझा हात असा दाबला की मला लगेच कळलं. आणि मग आईनं त्यांना वाटेल ते बोलून घेतलं आणि त्या उभ्या राहिल्या. आठ घरांतल्या एकानंही तोंड उघडलं नाही. मी मागच्या बाकावर बसून ते बघितलं आणि गप्प राहिलो.

आईला सांगू नकोस. काय करू ते मात्र सांग.

तुझा,
मिलो

*

सिसरो
८ डिसेंबर १९६४

चि. मिलोस,
मावशीचे आशीर्वाद, आणि एक चापटही.

तू नाही म्हणालास याचं मला काही वाटलं नाही. तुझ्या काकांनाही नाही. ते म्हणाले की या पोराला बेकरीत घ्यायला हवं होतं, पहाटे उठायला आवडणारी माणसं मिळत नाहीत.

पण तू बोझेनाला तुझ्या वाटणीच्या शिव्या खायला उभी केलीस, हे मला पटलं नाही. मी तिला शाळेपासून ओळखते. तिच्या पोटात आजवर काही राहिलं नाही आणि तुझं एवढं मोठं राहिलं. ते तिला किती जड जात असेल याचा विचार कर. आठ घरं तुझं झाकून धरतायत, ती काही जन्मभर धरायची नाहीत.

आणि आईचा एवढा कैवार घेऊ नकोस. ती माझी बहीण आहे. तिला वाईट वाटेल, ती आदळआपट करेल, दोन दिवस जेवणार नाही. पण तुझ्या बरं-बरंनं ती फसते, त्याचं दुःख जास्त आहे. लिलाव जानेवारीत आहे. नाताळला घरी जाशील तेव्हा, झाडाला दिवे लावायच्या आधी बोल. गाई गेल्यावर बोलून उपयोग नाही.

जेवत जा. ओकत जाऊ नकोस, आता कारण उरलं नाही. मावशीवरचा जीव आहे तसाच असू दे.

मावशी

*

विल्बर
१५ डिसेंबर १९६४

ती. ताईस,
लिडाचा सा. न. वि. वि.

तुला माहीत होतं ना? माझ्या त्या पत्राला तू जे उत्तर धाडलंस, त्यात बोझेनावर इतकं कमी रागवायचं काय कारण, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. असो. तुझ्याशी नंतर भांडेन.

काल एमिल पिठाच्या गिरणीवर गेला तशी मी धीर केला. फोन एक्स्चेंजवरच्या बाईला एका क्लबचं नाव सांगितलं. त्यांच्या माणसानं दिलेलं कार्ड मिलो घरच्या टेबलावर विसरून गेला होता, म्हणून शनिवारचा फोन त्यांचाच असणार असं मी धरलं. दूरचा फोन लागला. मी आमच्या वाईट तारेची हकीगत सांगितली, म्हटलं पोराचा काही दोष नाही, त्याला एकदा पुन्हा विचारा. तो माणूस फार नम्र होता. म्हणाला, बाईसाहेब, मला सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं. मग त्यानं काय काय विचारलं आणि मिलो कशाकशाला हो म्हणाला ते सांगितलं. म्हणाला की इतक्या अदबीनं नकार देणारा पोरगा मी पाहिला नाही, तुम्ही चांगलं वाढवलंत.

ताई, तो पलीकडून विचारतोय की तुम्ही आहात ना, आणि मला फक्त तारेवरचे आवाज ऐकू येत होते. कुणाचं तरी भिंतीवरचं घड्याळ, कुणाचं तरी कुत्रं, नोव्हाकांच्या सुनेचं तान्हं. सगळी होती. मी फोन लावलाय म्हटल्यावर सगळ्यांनी उचलला होता. मग बोझेना मध्येच बोलली. त्या साहेबांना म्हणाली की आभारी आहोत, आम्हाला समजलं, आता ठेवा. त्यानं ठेवला. मागोमाग एकेकानं ठेवला, खट खट खट, आणि शेवटी आम्ही दोघीच उरलो.

मी तिला विचारलं की तेव्हाच का नाही सांगितलंस. ती म्हणाली, सांगायचं ते त्यानं सांगायचं, मी कोण? आणि तोवर तुला कुणाला तरी झोडपायचं होतंच, मग म्हटलं मीच काय वाईट. मग म्हणाली, कॉफी ठेव, मी निघाले. ती आली. मी तिच्यासमोर खूप रडले, आणि तिनं चर्चमधल्या सगळ्या शिव्या मला एकेक करून ऐकवल्या, कारण तिला सगळ्या पाठ होत्या. हसता हसता पुन्हा रडले.

रात्री एमिलला सांगितलं. तर म्हणाला की गाई विकायच्या म्हटल्यापासून मला झोप नाही, पण तुझ्या बोटांकडं बघून मी बोललो नाही. बघ, या घरात एकही माणूस खरं बोलत नाही, सगळे एकमेकांची काळजी घेतायत.

माझा राग गेलाय असं नाही. पायऱ्या नसलेलं घर डोळ्यांपुढून हलत नाही. मिलोला सोबतचं लिहिलंय, तुझ्यासाठी नक्कल पाठवते. वाचून सांग, फार कडक झालं का.

तुझी,
लिडा

*

विल्बर
१५ डिसेंबर १९६४

चि. मिलो यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

बाळा, मला सगळं कळलंय. कसं कळलं ते बोझेनाबाई तिखटमीठ लावून सांगतील.

तू त्या लोकांना नाही म्हणालास याचं मला वाईट वाटलं. अजून वाटतंय, आणि ते मी लपवणार नाही. पण तू परक्या माणसाला नाही म्हणू शकलास आणि मला नाही, याचं जास्त लागलं. मी परात घेऊन अशी उभी राहिले की तुला बोलायला जागाच उरली नाही, हेही आता कळतं.

आता माझं ऐक. मलाही एक नाही म्हणायचंय. इतक्या वर्षांत एक तुझी मावशी सोडली तर मी ते कुणाला म्हटलं नाही, तुझ्या बाबांनाही नाही. मी यापुढं धार काढणार नाही. मी आणि तुझे बाबा चर्चमागच्या त्या घरात राहायला जाणार. गाई हव्या असतील तर त्या तुझ्या, शेत तुझं, आणि बर्फातली पहाटही तुझी एकट्याची. मी कोलाचे पाठवीन, पण बादलीला हात लावायला येणार नाही. हे मनापासून हवं असेल तर लिलाववाल्याला आम्ही येऊ नको म्हणून कळवतो. नको असेल तर तसं सांग. नुसतं बरं म्हणालास तर गाई विकून टाकीन, लक्षात ठेव.

नाताळपर्यंत थांबायचं काही कारण नाही. वसतिगृहातून फोन कर आणि काय ते तुझ्या तोंडानं बोल. आवाज थोडा बुडेल. बुडू दे, ऐकणारी सगळी आपलीच माणसं आहेत.

तुझ्या फोनची वाट बघणारी,
आई