श्वास सोडून एक

बाई, परवा मी एक्स-रेच्या टेबलावर झोपलो होतो. तुम्ही म्हणाला असता, तीस वर्षं लोकांना झोपवलंस, आता झोप तू. आमच्या नायगावच्या चाळी पाडतायत, खोली खाली करायची आहे. माळ्यावरचं सामान काढताना स्टुलावरून तोल गेला आणि उजवी कूस ट्रंकेच्या कडेवर आपटली. बायको हटूनच बसली म्हणून दादरला एका सेंटरमध्ये गेलो. तिथली मुलगी पंचवीस-सव्वीसची असेल. मी या लाइनमधला आहे हे मी सांगितलं नाही. "काका, शर्ट काढा," म्हणाली आणि सरळ बोटांनी खालून वर एकेक बरगडी चाचपत आली. "इथे? की इथे?" मी ओरडलो तशी तिथे खूण केली. एक फोटो श्वास भरून घेतला. मग म्हणाली, "आता सगळा श्वास सोडा आणि थांबा." मी सोडला, थांबलो, आणि मला रडूच फुटलं. तिला बिचारीला वाटलं, दुखतंय. "झालं काका, झालं. श्वास घ्या." माझं हाडबीड काही मोडलेलं नाही. चार दिवस शेकलं की मी बरा होणार आहे, आणि याचाच मला संताप येतोय.

परळच्या हॉस्पिटलात मी तुमच्या हाताखाली आलो तेव्हा सगळं फिल्मवर होतं. डार्करूममध्ये फिल्म धुवायच्या हायपोचा वास आणि त्यात तुमच्या डब्यातल्या जवळ्याचा. माहीमच्या कोळीवाड्यातून रोज पहाटे सगळ्यांचं करून तुम्ही यायचात आणि आठ वाजता पहिला पेशंट टेबलावर असायचा. एका म्हाताऱ्याला हातगाडीचा दांडा छातीवर बसला होता, त्याच्या छातीच्या मधल्या हाडाचा फोटो मला काढायला लावलात. ते हाड सरळ समोरून काढलं तर मागचा मणका त्याच्यावर येतो, म्हणून माणसाला पालथं करून जरा तिरकं ठेवायचं, उजवी बाजू टेबलाला, म्हणजे ते हृदयाच्या सावलीवर येतं. तेवढं मी बरोबर केलं. पण सवयीने "श्वास रोखा" म्हणालो. तुम्ही ओली फिल्म उजेडासमोर धरलीत. "काय काढलंस हे? जाळं? यात मासा कुठाय?" म्हाताऱ्याच्या देखत झापलंत. मग स्वतः त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "बाबा, श्वास रोखू नका हां, हळूहळू चालू द्या." दुसऱ्या फिल्मवर हलत्या बरगड्या पुसट झाल्या होत्या आणि ते एक हाड तेवढं स्वच्छ उभं. मधोमध चीर गेलेली. मी बघतच राहिलो.

बरगड्यांचं तर तुम्ही माझ्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलंत. वरच्या श्वास भरून, खालच्या श्वास सोडून. श्वास भरला की छाती-पोटामधला पडदा खाली जातो, वरच्या बरगड्या फुप्फुसाच्या काळ्यावर उठून दिसतात. खालच्या मात्र निम्म्या काळ्यात, निम्म्या पोटाच्या पांढऱ्यात अडकतात. सोडला की पडदा वर येतो, त्या सगळ्या एका रंगात येतात, मग एक्सपोजर वाढवून त्यांना गाठायचं. आणि आधी हात लावून बघायचं. हे मला जमायचं नाही. बाईमाणूस टेबलावर असलं की मी हात पाठीमागे बांधून "कुठे दुखतं?" विचारायचो. एकदा तुम्ही मला तिथेच थांबवलंत. "अरे मेल्या, पापलेट घेताना दाबून बघतोस ना? मग माणसाचा काय गुन्हा? तिला सांगून, विचारून हात लाव. लाज तिला नाय वाटत, तिला दुखतंय. लाज तुला वाटते."

रिटायर झालात त्या दिवशी पेढे सगळ्यांना मिळाले आणि मला एकट्याला तुमचं शिशाचं एल अक्षर. फिल्मवर डावी बाजू दाखवायला तुम्ही वापरायचात ते, मागे चिकटपट्टीचा काळा थर साचलेलं. "बाजू चुकली की माणूस चुकला," म्हणालात. ते अजून माझ्या शर्टाच्या खिशात असतं. परवा त्या मुलीने शर्ट काढायला सांगितला तेव्हा पहिलं ते मुठीत घेतलं.

आता त्या दिवसाचं लिहितो. इतकी वर्षं टाळलं.

तुम्हाला रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, आणि आमच्याकडे नवं डिजिटल मशीन आलं होतं. तुम्ही एकट्याच आलात. बसने जोरात ब्रेक मारला, सीटची दांडी डाव्या कुशीत बसली. "जरा बघ रे, इथे टोचतंय," म्हणालात आणि माझा हात धरून टेबलावर चढलात. मी तुमच्या अंगाला हात लावला नाही. बाईंना कसा हात लावू? दुसऱ्या कुणा बाईला लावला असता, तुम्हीच शिकवलं होतंत. तुमच्यापुढे मी पुन्हा तोच हात बांधलेला पोरगा झालो. त्यात मिरवायची हौस. तुमचं एल खिशातच राहिलं, मी ते अक्षर कॉम्प्युटरवर टाइप केलं. "श्वास भरा, रोखा," म्हणालो, बटण दाबलं, चार सेकंदांत फोटो स्क्रीनवर. "बघा बाई, डार्करूम नाही, काही नाही!" तुम्ही टेबलावरून हसलात. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," म्हणालात.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी स्क्रीन बघितली, हाड ठीक आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी तुम्ही माहीमच्या बाजारात पिशवीसकट खाली बसलात त्या उठलातच नाहीत. खालची बरगडी मोडून प्लीहेत घुसली होती, पोटात रक्त साचत गेलं होतं. मी तुमचा फोटो पुन्हा उघडला. उजेड वाढवला, कमी केला, उलटा करून बघितला. जे आलंच नाही ते मशीन कुठून दाखवणार? पांढरं ते पांढरंच. त्याच डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, मोडलेलं हाड दिसलं असतं तर लगेच सोनोग्राफीला पाठवलं असतं, पुढचं मी काय सांगू? मीही काय सांगू? पण तुम्ही वाचला असता असंच मला रोज वाटतं, बाई. एक दिवस सुटलेला नाही.

तेराव्याला तुमच्या लेकीने मला पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "दादा, आई काय बोलली का रे तुझ्याशी त्या दिवशी?" मी म्हणालो, नाही गं, काही नाही. गर्दी होती, दुसरा फोटो घ्यायचा राहून गेला. तिने माझ्याच पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, तू कशाला मनाला लावून घेतोस. तेव्हापासून मी माहीमच्या बाजूला फिरकलो नाही. नारळी पौर्णिमेला तिचा फोन येतो. मी उचलत नाही.

पोरांना मी शिकवतो. दोन फोटो घेतल्याशिवाय एकालाही खोलीबाहेर जाऊ देत नाही. लोक म्हणतात, सर फार काटेकोर. ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुमच्या जिवावर ही शिस्त आली आहे, आणि त्याने तुमचं काहीही परत येत नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? तुमच्या पत्त्यावर आता तुमची लेक राहते. उघडून वाचेल. म्हणून हे ट्रंकेत जाईल आणि ट्रंक नव्या घरी. मेलेल्या माणसाला लिहिणं सोपं असतं, ते फोन करत नाही.

पण तुमच्याशी तरी खोटं नको. गर्दी नव्हती त्या दिवशी. बाकावर एकच म्हातारी बसली होती. आणि तुम्ही बोलला होतात. पहिला फोटो झाल्यावर टेबलावरूनच म्हणालात, "आता श्वास सोडून एक घे रे." मी काचेमागून ओरडलो, "कशाला बाई, यात सगळं दिसतं!" तुम्ही वाद घातला नाहीत. डोळे मिटलेत आणि सगळा श्वास सोडून थांबलात. पोट खाली गेलेलं मी काचेतून बघितलं. माझं बोट बटणावर होतं. तुमचं बरोबर आणि माझं चूक, असं त्या मशीनसमोर मला व्हायला नको होतं. मी बोट उचललं आणि कॉम्प्युटरवर तुमचं नाव टाइप करत बसलो.

तुम्ही किती वेळ तशा थांबला होतात, मला माहीत नाही. मी तुम्हाला "श्वास घ्या" म्हणालोच नाही.