सहा सूर्यचष्मे

९ जानेवारी, शुक्रवार

चौतीस झाले! सहा राहिले. पुठ्ठा कापून कापून अंगठ्याला फोड आलाय. सोमवारी सातवीच्या चाळीस मुलांना सूर्यावरचा डाग दाखवायचाय. डाग सध्या एवढा मोठा आहे की दुर्बीण नको, नुसता फिल्मचा चष्मा पुरे – हे सरांनी तीन दिवसांत मला अकरा वेळा सांगितलं. जसा काही डाग त्यांनीच पाडलाय.

आमचं विज्ञान मंडळ म्हणजे सर, मी, जमेल तेव्हा येणारे दोघं-तिघं आणि सरांची पत्र्याची पेटी. सर काही टाकून देत नाहीत. उरलेलं सगळं पेटीतल्या ‘शिल्लक’ लिहिलेल्या डब्यात जातं. त्यांनी मला आठवीत विज्ञान शिकवलं, आणि अजून ते मला आठवीतच समजतात. मीही मान खाली घालून ‘हो सर’ म्हणते. वय वर्षं बेचाळीस.

चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं भिंगं बसवतेय, म्हणून कापाकापी आपोआप माझ्या गळ्यात. तपासायला सोपं असतं. चष्मा लावायचा, ट्यूबलाइटकडे बघायचं. ट्यूब दिसता कामा नये. त्या चंदेरी फिल्ममधून फक्त सूर्य दिसतो, तोही नारिंगी, निवांत. चौतीसच्या चौतीस तपासले – मिट्ट काळोख.

मोठा तुकडा संपला. उरलेले सहा शिल्लक डब्यातल्या तुकड्यातून करीन.

१० जानेवारी

सहाही झाले. मध्येच गिऱ्हाईक आलं, घाईत उरकले. पेटी सरांकडे पोचवली. सुटले.

१२ जानेवारी, सोमवार

आजचा दिवस फार छान गेला. चाळीस मुलं मैदानावर, चाळीस पुठ्ठ्याचे चष्मे, चाळीस माना वर. आधी शांतता. मग एक जण ओरडला, ‘दिसला, डावीकडे, तिळाएवढा!’ – आणि मग नुसता कल्ला. मुख्याध्यापिकाबाईसुद्धा एकाकडून चष्मा मागून घेऊन बघत राहिल्या.

सरांनी समजावलं: सूर्य स्वतःभोवती फिरतो, म्हणून डाग रोज थोडा सरकणार. आज डाव्या बाजूला आहे, चार-पाच दिवसांनी मध्ये येईल, मग उजव्या कडेला जाईल. मग गृहपाठ दिला. दहा दिवस, रोज सकाळी दहा वाजता बघायचं, वहीत गोल काढायचा, डाग असेल तिथं ठिपका. चष्म्याच्या काडीवर ज्याने त्याने हजेरीचा नंबर घातला आणि चष्मे घरी नेले. सरांचा नियमच आहे: ‘प्रयोग मुलाच्या खिशात गेला पाहिजे. पेटीत परत आला तर तो आपला, त्याचा नाही.’

एक तेवीस नंबरची मुलगी आहे. सरांनी तिचं नाव तिथल्या तिथं शंकेखोर ठेवलं. किती प्रश्न! सूर्य फिरतो तर त्याला चक्कर का येत नाही, इथपर्यंत. सर खूश. मला म्हणाले, ‘अगं, ही तुझ्यासारखी नाही, ही डोकं वापरते.’

१३ जानेवारी

अंगठ्याचा फोड फुटला. आभाळ स्वच्छ. पोरांची चंगळ.

१५ जानेवारी, गुरुवार

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

दुकानात माझ्या खणात पाकीट सापडलं. सरांचं अक्षर – ‘सूर्याची फिल्म, शिल्लक’. आत तुकडा जसाच्या तसा. मागच्या वेळी काम झाल्यावर मीच तो खणात ठेवला होता आणि विसरले.

मग शिल्लक डब्यातलं मी काय कापलं?

कचऱ्याची टोपली उपडी केली. तळाशी कापून उरलेल्या चार पट्ट्या. वरून चंदेरी, हाताला तशाच. एक डोळ्यापुढे धरली. ट्यूब दिसली. ट्यूबवरची धूळसुद्धा दिसली.

विज्ञान प्रदर्शनाच्या दाराला चांदण्या लावल्या होत्या, त्यातलं चंदेरी प्लास्टिक आहे ते. सरांनी उरलेलं जपून ठेवलेलं.

आणि मी ते सहा तपासले नाहीत. चौतीस तपासले, चौतिसांतून काही दिसलं नाही, म्हणून कंटाळा केला. मी! गिऱ्हाइकाचं भिंग दोनदा मोजल्याशिवाय काचेच्या कपाटातही ठेवत नाही ती मी.

सहा मुलं चार दिवस चांदण्यांच्या कागदातून सूर्याकडे बघतायत. आम्हीच बघायला सांगितलंय. वेळसुद्धा ठरवून दिलीय.

१६ जानेवारी, शुक्रवार

सकाळी सात वाजता सरांच्या दारात उभी होते. बेल दाबली नाही. परत आले.

काय सांगणार होते? आणि सर काय म्हणतील याची भीती नव्हती, खोटं कशाला लिहू – पालक काय म्हणतील याची होती. दुकानाचे मालक काय म्हणतील. ‘चष्मेवाल्या बाईने पोरांचे डोळे घालवले’ – हे माझ्या कपाळावर कायमचं लिहिलं जाईल.

दहा वाजता दुकानाबाहेर जाऊन आभाळ बघितलं. एक ढग असता तर! नाही. लख्ख ऊन. समोरच्या गॅलरीत चादरी वाळत घातलेल्या. त्या क्षणी सहा माना वर होत्या, हे मला माहीत होतं. सबंध जगात फक्त मला माहीत होतं. आणि मी आत जाऊन एका आजोबांच्या चष्म्याचा स्क्रू बसवला.

नवऱ्याने विचारलं, ‘चेहरा का असा? काय झालंय?’ म्हटलं, पित्त.

संध्याकाळी सहाला गेलेच सरांकडे. यावेळी बेल दाबली. एका दमात सगळं सांगून टाकलं. सर खुर्चीत बसले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, ‘डब्यात ते मी ठेवलं.’ मी म्हटलं, ‘तपासलं नाही ते मी.’ मग म्हणाले, ‘उद्या सकाळी शाळा आहे. आधी चष्मे हातात घेऊ. बाकी मग.’

‘कधी कळलं तुला?’ असंही विचारलं त्यांनी. ‘आजच,’ म्हणाले मी.

१७ जानेवारी, शनिवार

खऱ्या फिल्मचे सहा नवे करून नेले. प्रत्येक तीन-तीनदा तपासला.

वर्गात सरांनी हसत सांगितलं, ‘चष्म्यांच्या काड्या सैल झाल्यात म्हणे, आमच्या ताई चिकटवून देणार आहेत.’ आदल्या संध्याकाळी आमचं ठरलं होतं, मुलांना घाबरवायचं नाही. मुलांना! आमची पाचावर धारण बसली होती, मुलं मजेत होती.

शंकेखोर म्हणाली, ‘ताई, माझी नाही झाली सैल.’

‘तरी बघते.’

‘मग सगळ्यांचे का घेताय? काही चुकलंय का त्यांच्यात?’

‘काही नाही गं. काही चुकलेलं नाही.’

तिने दिला. तिच्या चष्म्याची काडी खरंच घट्ट होती.

शिक्षकांच्या खोलीत दार लावून एकेक चष्मा ट्यूबपुढे धरला. काळोख, काळोख, काळोख – मग ट्यूब. चार नंबर. मग नऊ. पंधरा, बावीस, तीस, अडतीस. सहाच्या सहा सापडले. त्यांचेच नंबर नव्या काड्यांवर लिहिले आणि मधल्या सुट्टीआधी चाळीस चष्मे परत वाटले. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. जुने सहा मी पर्समध्ये घालून आणलेत. पर्स उघडायची हिंमत होत नाही.

१८ जानेवारी, रविवार

आज दिवसभर ढग. आता काय उपयोग? तरी बरं वाटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांच्या चिठ्ठ्या घेऊन पेशंट आमच्याच दुकानात येतात, बारा वर्षांची ओळख. त्यांना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘दुखत नाही हो, हीच तर पंचाईत. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. आतला पडदा मधोमध भाजतो. मग जिथं बघावं तिथं मधोमध ठिपका. मोठं माणूस तक्रार करतं. पोरं करत नाहीत, त्यांना वाटतं असंच दिसतं सगळ्यांना.’

‘बरं होतं का?’

‘काहींचं होतं. काहींचं थोडं राहतं. किती वेळ आणि किती दिवस बघितलं, त्यावर. लवकर थांबवलं तर बरं.’

मला शुक्रवारचे दहा वाजलेले आठवले.

उद्या शाळेत येते म्हणाल्या. मात्र पालकांना सांगाच, असंही दोनदा म्हणाल्या. मी ते सरांवर ढकललं आणि परत येताना त्यांच्याकडे गेले. सर म्हणतात, आधी तपासणी होऊ दे. सगळं ठीक निघालं तर कशाला उगाच आग लावायची? एकदा बोभाटा झाला की यापुढे कुठलीच शाळा आपल्याला दारात उभं करणार नाही. तीस वर्षं घातलीत मी यात, म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

मी ‘हो सर’ म्हणाले.

१९ जानेवारी, सोमवार

मुख्याध्यापिकाबाईंना सरांनी सांगितलं – नमुन्यादाखल सहा मुलांचे डोळे तपासतोय. बाई म्हणाल्या, वा, छान उपक्रम. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

डॉक्टरबाईंनी थेंब घालून एकेकाला बघितलं. मी बाहेर बाकावर. प्रत्येक वेळी दार उघडलं की मी उठून उभी. चार नंबर – ठीक. नऊ – ठीक, त्याचा चष्मा पहिल्याच दिवशी लहान बहिणीने चुरगाळला होता. देव भलं करो त्या बहिणीचं. पंधरा ठीक. बावीस एकदम स्वच्छ. तीसला थोडी शंका, पुन्हा बघितलं, ठीक. अडतीस ठीक.

सहाही ठीक!

डॉक्टरबाई हात धुता धुता म्हणाल्या, ‘सहाच ना? नक्की?’

‘नक्की. काडीवर नंबर आहेत ना.’

शाळेच्या मागच्या नळावर जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि रडून घेतलं. चार दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवले. नवरा म्हणाला, ‘गेलं वाटतं पित्त.’

२० जानेवारी

सर म्हणतात, विषय संपला. शिल्लक डबा त्यांनी स्वतः रिकामा केला. एवढं दुःख मी त्यांच्या चेहऱ्यावर त्यांच्या निवृत्तीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

विषय संपला तर मी दुकानात प्रत्येक चष्मा तीन-तीनदा का तपासतेय?

२२ जानेवारी, गुरुवार

दहा दिवस काल संपले. वर्गाने वह्या जमा केल्या, सरांनी गठ्ठा माझ्याकडे पाठवला. ‘तू तपास. उत्तम वहीला भिंग बक्षीस.’ चाळीस वह्या. चाळत बसले. किती मन लावून काढलंय पोरांनी! कोणी सूर्याला डोळे-नाक काढलंय. ठिपका पानागणिक डावीकडून उजवीकडे चाललाय, शेवटच्या पानावर कडेला टेकलाय. एका पोराने खाली लिहिलंय, ‘डाग चालला, टाटा.’ सर बघून हरखून जातील.

निम्म्या झाल्या. उरलेल्या उद्या सकाळी.

२३ जानेवारी, शुक्रवार, सकाळचे आठ

तेवीस नंबरच्या घरी निघालेय. तिच्या आईवडिलांना सगळं सांगणार आहे, पंधरा तारखेपासून, सोळाच्या सकाळच्या दहासकट. सरांना विचारलेलं नाही. निघण्याआधी हे लिहून ठेवते, नाहीतर त्यांच्या दारात पुन्हा मी सैल काड्यांचंच काहीतरी सांगेन.

शंकेखोरची वही. सगळ्यांत सुबक. गोल कंपासने काढलेले. तेरा तारखेच्या पानाखाली लिहिलंय: ‘माझ्या चष्म्यातून सूर्य नारिंगी, मंद दिसतो. बावीस नंबरच्या चष्म्यातून पांढरा, लख्ख दिसतो. म्हणून रोज दहा वाजता आम्ही अदलाबदल करतो. ती लवकर कंटाळते, मी पुष्कळ वेळ बघते.’

ठिपका सोळापर्यंत बाकीच्यांसारखाच सरकतो. सोळाला मधोमध. सतराला मधोमध. एकोणीस, वीस, एकवीस – मधोमध, दर पानाला जरा मोठा.

अठरा तारखेला एकोणचाळीस वह्यांत गोल रिकामा आहे आणि एकच शब्द, ‘ढग’. तिच्या वहीत ठिपका आहे. खाली लिहिलंय: ‘आज सूर्य दिसला नाही, पण डाग दिसला.’