बिनघोड्याचं खोगीर

अबू धाबी, जून २००१

प्रिय अस्मी,

कझाकस्तानातल्या तुझ्या उत्खननाचं पत्र मिळालं. किपचाक टोळीच्या सरदाराच्या थडग्याचं ते मातीचं टेकाड, आत तो आणि शेजारी पाय दुमडून, तोंडात लगाम घातलेला त्याचा घोडा. दातांवरून घोडा तरणाताठा वाटतो, असं तू लिहिलंस. म्हणजे आजारी नाही, म्हातारा नाही. धनी गेला म्हणून मारला. वाचता वाचता माझी तव्यावरची पोळी करपली. आईला या दिवसांत असलं लिहितेस, खरी बापाची लेक!

बाबांना जाऊन महिना झाला. माझा व्हिसा त्यांच्याच नावावरचा. बाबांच्या कंपनीचा खैरुद्दीन रोज दारात येतो: मॅडम, पासपोर्ट दे दो, सॅटर्डे को कॅन्सलेशन, फिर खलास. माणूस वाईट नाही, मान खाली घालूनच बोलतो. सुजीतकाका अस्थी न्यायला आलेत. उद्याच्या विमानाची दोन तिकिटं त्यांनी फ्रिजवर लावलीत. पुण्यात देवघराशेजारची खोलीही मला ठरवून टाकली. वहिनी, दादाच नाही तर इथे तुमचं कोण, म्हणतात. अर्धं आयुष्य या गावात काढलं मी! मी काय बाबांचं सामान आहे? असा संताप येतो, आणि लगेच बाबांचा चष्मा दिसतो न् रडू फुटतं.

कावेरी आठवते ना, शेजारची? मुसफ्फाला तिचं शिवणकामाचं दुकान आहे, कंपन्यांचे युनिफॉर्म शिवतात. तिथे मला नोकरी देतेय, व्हिसाही तीच करेल. फक्त शनिवारी व्हिसा रद्द व्हायच्या आत, उद्याच, पासपोर्ट तिच्याकडे पोचला पाहिजे. काकांच्या हाती लागला तर ते खिशात घालतील आणि मला विमानात बसवतील. म्हणून तो तांदळाच्या डब्यात आहे. काका दोनदा विचारून गेले, पर्समध्येच आहे म्हणून मी दोनदा खोटं बोलले.

दुसऱ्या टेकाडात तुम्हाला नुसतं खोगीर आणि रिकिबी मिळाल्या, घोडा नाहीच. घोड्याऐवजी त्याचा साज ठेवायचीही रीत होती, असं तुझे सर म्हणतात. ही रीत मला पटली. अस्थींना मी इथेच नमस्कार केला. उद्या माझी बॅग, लग्नातल्या शालूसकट, काकांच्या सामानात जाईल. मी विमानतळाच्या दारातून मागे फिरणार. मग ते तुला फोन करतील, आईला समजाव म्हणतील. आणि तू? घोड्यासाठी पानभर हळहळलीस, आणि खाली लिहिलंस, आई, बी प्रॅक्टिकल, गो विथ काका. म्हणून हे घाईने फॅक्स करतेय. या वेळी त्यांना हो म्हणू नकोस. एवढंच सांग, काका, खोगीर पोचलं ना? घोड्याची वाट बघू नका.

तुझीच,
आई