आठ खुर्च्यांचं विमान

१२ जानेवारी

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, चिठोरं! तीन ओळी विमानाच्या आणि एका ओळीत 'मी बरा आहे'. लग्नाआधी वहिनीलाही असंच लिहायचास का?

तुमचं विमान परवा ट्रकवरून तुकड्यातुकड्यांनी इथल्या हँगरमध्ये आलं. मला वाटलं होतं, जेट म्हणजे काहीतरी अगडबंब असेल. हे तर आमच्या स्वयंपाकघराएवढं! आत आठ खुर्च्या, त्यांच्यामधून वाकून चालायचं. एवढ्याशातून कोण जाणार, असं ह्यांना विचारलं, तर म्हणाले की ज्यांना एका दिवसात तीन गावं गाठायची असतात ते. आखूड धावपट्टीवरही उतरेल म्हणे. सांगताना असे फुलले होते, जणू घरचंच लेकरू!

पंधरा फेब्रुवारीला पहिलं उड्डाण, आणि चालवणार हे. त्यामुळे सध्या रोज संध्याकाळी जेवणाच्या खुर्चीवर डोळे मिटून बसतात आणि हवेतली बटणं दाबतात. परवा दूधवाला बघून दारातूनच परत गेला.

ह्यांना मी कधी विचारत नाही, तुला विचारते. विमान नीट बांधलंय ना रे? एका शब्दात कळव, म्हणजे मी निर्धास्त होईन.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रांतूनही दिसू दे.
तुझी,
चिमणी

३ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

एका शब्दात उत्तर मागितलं होतंस. 'हो' लिहून पाकीट चिकटवलंही होतं. मग फाडलं.

सगळं सांगतो. चार वर्षांपूर्वी आम्ही या विमानाचा लाकडी नमुना केला, तेव्हा इंजिनं पंखांखाली होती. विमान बुटकं, त्यामुळे ती जमिनीला टेकायला आली. म्हणून मागे शेपटीजवळ नेली. मग त्यांच्या झोतातून सुटावा म्हणून शेपटीचा आडवा पंख उचलून वर बसवला. या सगळ्यात वजन वाढलं आणि मोठ्या साहेबांनी प्रत्येकाला आपापल्या भागातून वजन काढायला सांगितलं. शेपूट माझ्याकडे. तिची मागची फळी ज्या ब्रॅकेटांवर वरखाली झुलते, त्यांना भोकं पाडून मी दीड किलो कमी केलं. साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली.

तुमच्या हँगरमध्ये विमान रबरी दोरांवर टांगून हलवलं, त्याचे आलेख माझ्याकडे आले. त्यात एक बारीकसा उंचवटा होता, नको तिथे. सगळे म्हणाले, यंत्राचा दोष. तीन दिवस मीही तेच म्हणत होतो. चौथ्या दिवशी पुन्हा गणित मांडलं. ब्रॅकेट कमजोर पडलंय. वेग वाढला की शेपूट फडफडायला लागेल, आणि एकदा फडफडली की काही क्षणांत तुटेल.

साहेबांना जाऊन सांगितलं, की चूक माझी आहे, उड्डाण थांबवा. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त किती महिने लागतील ते विचारलं. मी नऊ म्हणालो. भावोजींना आज तार जाईल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

तार आली त्या दिवसापासून हे जेवताना बोलत नाहीत. पलीकडच्या कंपनीचं तसलंच विमान मे महिन्यात उडणार, म्हणजे पहिलेपणाचा मान गेला. पण राग त्याचा नाही. काल एकदाचे बोलले. म्हणाले, तुझ्या दादाने मला वैमानिक समजलंच नाही, बहिणीचा नवरा समजलं. दुसरा कुणी चालवणार असता तर तो उंचवटा दादाला दिसलाही नसता.

मी खूप भांडले. पण खरं सांगू? तुझं पत्र वाचून मी आधी रडले आणि मग खुशाल झोपले. हे ह्यांना कसं सांगू?

तू ह्यांनाच लिही. मला मधे घालू नकोस.
तुझी लाडकी (असेन तर),
चिमणी

२० जून

श्री. भावोजींस,
सप्रेम नमस्कार.

सोबतच्या डब्यात एक तुटकं ब्रॅकेट आहे. शेपटीचा नमुना वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून वेग वाढवत नेला. फडफड सुरू झाली आणि मी घड्याळ बघेपर्यंत हे तुटलं. तुम्ही माझे वैरी असतात तरी विमान थांबवलं असतं.

पण खोटं कशाला लिहू? आलेख पाहिला तेव्हा आधी चिमणीच डोळ्यांसमोर आली. गणित नंतर आलं. त्याबद्दल माफी मागणार नाही. माफी दुसऱ्या गोष्टीची. साहेबांच्या आधी तुमच्याकडे यायला हवं होतं. चालवणाऱ्याचा तो हक्क होता. साहेबांपुढे उभं राहण्यापुरतं धैर्य कसंबसं गोळा केलं, तुमच्यासाठी उरलं नाही.

नवीन ब्रॅकेट बिनभोकाचं आहे. रागासह का होईना, पण मला आपला समजा.
तुमचा,
मेहुणा

१८ नोव्हेंबर

ती. दादांस,
शि. सा. न.

पत्र लिहिण्याची सवय नाही, सांभाळून घ्या. काल सकाळी विमान उडालं. बावन्न मिनिटं. हाताला इतकं हलकं, की उतरवावंसं वाटेना. साहेब धावपट्टीच्या कडेला लहान मुलासारखे टोपी हलवत होते.

आता खरी परीक्षा उरली आहे. उंचावरून सूर मारून विमान कमाल वेगाला न्यायचं. फडफड व्हायचीच असेल तर तिथे होईल. सोबत शेपटीची मापं वाचणारा एक माणूस लागतो. मी तुमचं नाव दिलं आहे. नाही म्हणालात तरी राग धरणार नाही.
आपला,
भावोजी

ता. क. – दादा, हे पत्र मी चोरून वाचलं. दोघंही एकाच विमानात बसलात तर काळजीचं पत्र मी लिहू कुणाला? तरी ये. – चिमणी

७ डिसेंबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप घरी पोचलो. तुझ्यासमोर जे बोलता आलं नाही ते लिहितो.

भावोजींनी सूर मारला. ब्रॅकेट तुटलं होतं त्या आकड्यावर वेगाचा काटा आला आणि सगळं विमान गुणगुणायला लागलं. माझ्यापुढच्या कागदावर सुई रेघ काढत होती. रेघ सरळ होती. अजून वेग वाढवायचा बाकी होता. तेवढ्यात भावोजींनी मान वळवली. त्यांच्यासमोर एवढी घड्याळं असताना ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, की दादा, पुढे जाऊ का?

मी पुन्हा एकदा रेघ पाहिली आणि जा म्हणालो.

आणि ते पुढे गेले, चिमणे. एका शब्दावर.

तुझा,
दादा