आडावरची रांग

नांदेड, सोमवार

तीर्थरूप अप्पांना शिवकांताचा शरणार्थ.

मी बरी आहे. अव्वाला सांगा, दोन्ही वेळा जेवते. पत्त्यात सवयीनं जिल्हा उस्मानाबाद लिहिला होता, मग खोडून आपला नवा जिल्हा, लातूर, केला.

इथं पाण्याचे लई हाल आहेत. कॉलेजच्या वसतिगृहावर टँकर येतो आणि पोरं बादल्यांची रांग लावतात. किनवटच्या जंगलातून शिकायला आलेल्या आदिवासी पोरांच्या बादल्या रोज शेवटीच असतात. वर्गात मी विचारलं, हे कोण ठरवतं? पोरं म्हणाली, "कुणीच न्हाई मॅडम, आपोआप लागते." म्हटलं, मग उद्या त्यांच्या बादल्या पुढं लावा.

त्यावर व्यंकटी नावाचा पोरगा उठला. "मॅडम, निलंग्याला तुमच्या आडावर आधी कोण भरतंय?"

उत्तर मला माहीत होतं. आपल्या शेतात राबणारी चांगुणाबाई आडापासून लांब उभी राहायची. सगळ्यांचं झालं की अव्वा वरून तिच्या घागरीत ओतायची. अजून तसंच आहे का? मी म्हटलं, वडिलांना विचारून सांगते.

प्राचार्य म्हणतात, हा विषय सोडा. काल माझ्या दारातली भरली घागर कुणीतरी पालथी केली. काळजी करू नका, शेजारणीनं तांब्याभर पाणी दिलं.

अप्पा, तुमचं उत्तर वर्गात वाचून दाखवायचं मी कबूल केलंय. खरं तेच लिहा. लिहिताना हात अडला, तर आधी चांगुणाबाईला तिच्या हातानं पाणी शेंदू द्या, मग लिहा.

उत्तराची वाट बघणारी,
शिवकांता